बर्फ लावून तपासलेला ऑटोपायलट

मी एक जुना ऑटोपायलट आहे. मित्रांनो, नाव मोठं, पण दिसायला नुसता करडा डबा. विमान सरळ ठेवून वैमानिकांचे हात मोकळे करायचे, हे माझं काम.

औरंगाबादेत कारखाने वाढत होते आणि क्रांती चौकात विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा घुमत होत्या, त्या वर्षांत मी मुंबईच्या फेऱ्या केल्या. कारखान्यांचे साहेब माझ्या भरवशावर घोरत.

मग मी बिघडलो. वर थंडीत माझ्या आतल्या तारेचा एक सांधा सुटे आणि विमानाचं नाक खाली झुके. खाली चिकलठाणा विमानतळाच्या उन्हात तो पुन्हा जुळे. वैमानिक वहीत तक्रार लिहीत, आणि मुख्य मेकॅनिक साहेबराव तिच्याखाली ‘तपासले, ठीक आहे’. असं तीनदा झालं.

फुलंब्रीचा सूर्यभान त्यांच्या हाताखाली होता. खिशाला नामांतराचा निळा बिल्ला लावायचा. एके दुपारी त्यानं सायकलवर बर्फाची लादी आणली, प्लास्टिकमध्ये बांधून माझ्याभोवती रचली. मी गारठलो, आणि मला जोडलेल्या तपासणीच्या मीटरवर काट्यानं मान टाकली.

“साहेब, बघा! थंड झाला की चुकतोय. काढा ह्याला.”

“यंत्राला हिव भरतं व्हय रे? मोर्चात बोंबलून डोकं तापलंय तुझं. त्याच्यावर ठेव बर्फ.”

“ठेवतो साहेब. पण ह्याला वर धाडू नका. माणसं बसत्यात आत.”

साहेबराव काट्याकडे वाकलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाळीस माणसांसकट मी नाक खाली घातलं. चहाचे पेले छताला लागले. कॅप्टननं लाल बटण दाबून मला तोडलं आणि दांडा दोन्ही हातांनी ओढून धरला. “मी उडवतो. तू आणीबाणीची यादी वाच!” सहवैमानिकानं एकेक ओळ मोठ्यानं वाचत नाक झुकवणाऱ्या मोटारीची वीज तोडली. विमान हातानंच उतरलं. कॅप्टनला हार पडले.

चौकशीत साहेबराव म्हणाले, “बर्फाचं पाणी डब्यात गेलं.” वहीतल्या तीन तक्रारी कुणी वाचल्या नाहीत. सूर्यभानची नोकरी गेली. तेव्हा मला बोलता आलं असतं तर!

आता मी एका प्रशिक्षण संस्थेच्या काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, ‘मेकॅनिकच्या चुकीने निकामी’. तुम्ही ती वाचता, हसता आणि पुढं जाता.

मित्रांनो, माझ्यात थेंबभरही पाणी गेलं नव्हतं. चिरलेला सांधा अजून आतच आहे. झाकणाला चारच स्क्रू आहेत, आणि आजवर एकानंही ते काढलेले नाहीत. तुम्ही तरी काढा.