दाजींची पेनल्टी

आमच्या तालमीच्या संघानं फुटबॉलची लीग जिंकली त्या संध्याकाळपासून माझ्या बहिणीचं घर लांब जायला लागलं. तोवर ते आमच्या पेठेला लागूनच्या हौदाच्या पेठेत होतं. आईनं आमच्या गच्चीवरून हाक मारावी आणि सुलीनं तिच्या गच्चीवरून कढीपत्ता फेकावा, इतकंच अंतर. गुलाल उधळून मी घरी आलो तेव्हा आई गच्चीवर उभी होती. म्हणाली, "सुलीच्या घरातला दिवा आज बारीक का दिसतोय?" पुढच्या आठवड्यात तिच्याकडं जायला रिक्षा करावी लागली.

मग हौदाच्या तालमीनं चषक जिंकला आणि त्यांच्याही गुलालानं अंतर ताणलं. आता एसटी लागायची. मध्ये चहाला गाडी थांबायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून दिवाळी झाल्यावर मी सुलीला आणायला निघालो, तर कंडक्टरनं अर्ध्या वाटेत सगळ्यांना उतरवलं. "पुढचा रस्ता अजून आलेला न्हाई," तो म्हणाला. बाकीचे प्रवासी मुकाट्यानं परतीच्या गाडीत बसले. मीही लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलो.

आई चिडली की भांडी घासते. त्या दिवशी तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली.

"तुमच्या फुटबॉलचं काय ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझी पोर तिकडं, आणि दिवस भरत आल्यात."

हंगामाचा पहिला सामना लीगवाले आणि चषकवाले यांच्यात होतो, म्हणजे यंदा आमची चिंचेची तालीम आणि त्यांची हौदाची. मी आमचा गोलकीपर आणि कॅप्टन. त्यांचा कॅप्टन रणधीर, सुलीचा नवरा, आमचे दाजी. सकाळी तालमीत नारळ फुटला की निकाल लागेपर्यंत समोरच्या पेठेतल्या माणसाशी बोलायचं नाही, मग तो सख्खा का असेना. हा नियम दोन्ही पेठा इतका कडक पाळतात की सामन्याच्या दिवशी कोल्हापुरातली निम्मी लग्नं मुकी होतात.

मैदानाचं एक गेट आमच्या पेठेत उघडतं आणि दुसरं त्यांच्या. दोन्ही गेटं आपापल्या पेठेला धरून होती, त्यामुळे मधलं मैदान लांबलं होतं. समोरचा गोल दिसत नव्हता. मधल्या भागात कुणीतरी ऊस लावला होता आणि तो चांगला पुरुषभर वाढला होता. पंच मिरजेचे कुरणे सर होते. ते सायकल घेऊन आले होते.

आई माझ्या गोलमागं जाळीला टेकून बसली. पदराखाली भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. लेक बाळंतपणाला आली की ओवाळून टाकायला लागतो तो.

"ती येणार न्हाई आई," मी म्हणालो.

"तू म्होरं बघ," ती म्हणाली.

सामना सुरू झाला असं कुरणे सर येऊन सांगून गेले. आमची पोरं उसात शिरली. बराच वेळ फक्त पाती हलताना दिसत होती. मध्यंतराला बाजू बदलायला निघालात तर ऊन उतरेल, असं सर म्हणाले, म्हणून जो तो आपल्याच बाजूला राहिला. उत्तरार्धात एकदा चेंडू उसातून बाहेर आला, एकटाच, दमल्यासारखा. मी तो उचलला, त्याला चिकटलेली पात काढली आणि परत लाथाडला. एवढंच काम मला पडलं.

सर सायकल ढकलत आले. चेन पडली होती.

"बरोबरी. पेनल्टी घ्याव्या लागणार."

"कुठल्या गोलवर?"

"एकाच गोलवर. टॉस करतो."

आई जाळीतून म्हणाली, "त्यांचा गोल आला तर?"

"तर आपण सगळ्यांनी तिकडं चालत जायचं," मी म्हणालो. "सुली तिथंच राहणार. बाळंतपण सासरीच."

सर चेन बसवून उसाकडं गेले. नाणं वर गेलं तरी खाली यायला त्याला किती मोठं आभाळ ओलांडायचं होतं.

सर परत आले. "टॉस हौदानं जिंकला."

तिकडं चालत जायचं म्हणून मी बुटाच्या नाड्या आवळल्या.

"पण त्यांच्या कॅप्टननं गोल तुमचा मागितला," सर म्हणाले. "त्याचीच माणसं त्याला शिव्या घालतायत."

मला इतकं हलकं वाटलं की मी हातमोजे काढले आणि उगाच पुन्हा घातले. दाजींना मिठी मारावीशी वाटत होती, पण निकाल लागायचा होता.

हौदाची पेठ चालत आली. ती चालली तसं मैदान तिच्यामागं सतरंजीसारखं गुंडाळलं गेलं. आधी ऊस गेला, मग मधलं वर्तुळ गेलं, शेवटी त्यांचा गोल आमच्या पेनल्टीच्या खुणेमागं येऊन गप उभा राहिला. सुली प्लास्टिकच्या खुर्चीत होती आणि खुर्ची त्यांच्या डिफेंडरांनी उचलली होती. तिचा चेहरा घामेजला होता.

"दिगू," ती म्हणाली, "लई दुखतंय रे. बोल की काहीतरी."

मी नुसती मान हलवली. ती आता हौदाची होती.

"मला न्हाईत लागू तुमचे नियम," आई म्हणाली. तिनं गोलपोस्टजवळच सुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं, आणि हाताला धरून तिला आमच्या गेटातून घरी नेलं. घर समोरच आहे. दार लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

पेनल्टी सुरू झाल्या. आमचा गोल झाला की हौदाची माणसं उभ्या उभ्या मागं सरकायची, त्यांच्या पायाखाली ऊस उगवायचा. त्यांचा झाला की ऊस जमिनीत जायचा आणि ती पुन्हा जागेवर यायची. शेवटी आमचा एक गोल जास्त झाला आणि त्यांची एकच पेनल्टी उरली. ती दाजींची होती. मी अडवली असती तर आम्ही जिंकलो असतो, आणि दाजी उसापलीकडं गेले असते. बाळ इकडं आणि बाप तिकडं, एसटीसुद्धा पोचत नाही तिथं. ती अडू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण हातमोजे घातले की माझे हात माझं ऐकत नाहीत.

दाजींच्या घोट्याभोवती ऊस आला होता. त्यांनी चेंडू ठेवला आणि कुरणे सरांना म्हणाले, "सर, त्यांना विचारा, आत काय चाललंय."

"आत काय चाललंय?" सरांनी मला विचारलं.

"आई हाय जवळ, सांगा."

"आई आहे जवळ," सर म्हणाले आणि त्यांनी शिट्टी तोंडात धरली.

शिट्टी वाजली, आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागून, आमच्या घरातून, बाळाचं रडणं आलं.

दाजी धावत सुटले. माझे हात पसरले. दाजी चेंडूपाशी आले, चेंडूला ओलांडून पुढं आले आणि तसेच धावत राहिले. मागं दोन्ही पेठा चेंडूकडं बघत होत्या. तो खुणेवर होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

"पाव्हणं," दाजी धापा टाकत म्हणाले, "जाळी."

"व्हय दाजी," मी म्हणालो, आणि खाली वाकून जाळी वर उचलून धरली.