पेटीतला कागद

विजयकुमार पुण्यात वकील होते. दुबईत कंपनीची कॉन्ट्रॅक्टं तपासता तपासता वकिली गेली, बोलण्याची खुमखुमी तेवढी राहिली. ती ते मराठी मंडळाच्या व्याख्यानांत भागवत. यंदाचा विषय होता पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतल्या जॉर्जियातला वकील आणि आमदार, एडवर्ड हॅलोवे.

दुबईच्या अल मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये महिनाभर तालीम चालली. श्रोता एकच, घरकामाला ठेवलेली संगमेश्वरची शेवंता. हा हॅलोवे विधानसभेत स्वातंत्र्यावर तासन्‌तास बोलायचा. आणि गुलामीतून सुटलेल्या हॅना नावाच्या काळ्या शिंपिणीचा तो कायद्याने पालक; सुटलेल्या काळ्या माणसाला तिथे गोरा पालक लागे. तिच्या सुटकेचा कागद मात्र याच्या पेटीत, कुलपात. कागदाशिवाय तिला गावाची वेस ओलांडता येत नसे.

"तुझ्याच भल्यासाठी, म्हणे! ढोंगी लेकाचा!" इथे विजयकुमार टेबलावर मूठ आपटत. शेवंताला ही जागा पाठ झाली होती.

गुरुवारी तिला गावाहून फोन आला. आई दवाखान्यात होती, डॉक्टरांनी माणसं बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं.

"साहेब, माझा पासपोर्ट द्या. भाऊ उद्याचं तिकीट काढतोय."

"अगं, शनिवारी पन्नास लोकांचा चहा कोण करणार? ते होऊ दे, मग बघू, इन्शाल्ला."

"निदान पासपोर्ट तरी हातात द्या."

"कपाटात सेफ आहे तो. तुझ्याकडून हरवला तर केवढं लफडं होईल! तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

बोलून गेले आणि त्यांची जीभ अडखळली. पण आधीची बाई पळून गेली होती, सगळेच ठेवतात, आपण कुठे कुणाला छळतो? वकिलाला कारणांचा काय तोटा!

शेवंताने विचारलं, "त्या हॅनाला कागद मिळाला का हो, साहेब?"

"नाही. ती मेली तेव्हाही पेटीतच होता."

"बरं," म्हणून तिने कप उचलले.

शनिवारी हॉल भरला. विजयकुमार रंगात आले होते. शेवंता ट्रे घेऊन दाराशी उभी राहिली, ती जागा यायची वाट बघत. ते पान आलं तसं विजयकुमारांनी मुकाट्याने उलटलं आणि थेट हॅलोवेच्या दानधर्मावर आले. टाळ्या कडाडल्या.

परतताना गाडीत त्यांची बायको सुहासिनी म्हणाली, "अहो, मी आतल्या खोलीतून रोज ऐकायचे तो पेटीचा भाग राहिलाच."

"वेळ कुठे होता?"

मागच्या सीटवर शेवंताचा फोन वाजला. ती नुसतं ऐकत राहिली, मग फोन ओच्यात ठेवला.

"पासपोर्टाची आता घाई नाही, साहेब," ती म्हणाली. "राहू द्या कपाटात."