सुईमावशीची साक्ष

रक्त तपासायच्या लॅबमध्ये तीस वर्षं काम करणाऱ्या बाईला सगळे सुईमावशी म्हणत. तिला पहिल्याच खेपेला शीर सापडायची. ही हाताची सफाई टेबल टेनिसची कृपा, असं ती म्हणे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सहाला ती अग्निशमन केंद्रामागच्या हॉलमध्ये हजर. जोडीदार बसमधली कंडक्टरबाई. डबल्समध्ये दोघी सहा वर्षं एकत्र खेळत होत्या. कंडक्टरबाईचा आवाज असा, की ती "सोड, माझा!" म्हणाली की शेजारच्या टेबलावरचेही बॉल सोडून द्यायचे.

एका रविवारी उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "या महिन्यात प्रत्येकानं निदान एकाला प्रभूबद्दल सांगा."

सुईमावशीला कंडक्टरबाईच आठवली. कंडक्टरबाईचे गुडघे, तिची सासू, तिच्या ड्यूटीच्या वेळा, सगळं तिला पाठ होतं. पण येशूचं नाव तिच्यापुढे तिनं एकदाही काढलं नव्हतं. बोलायचा धीर होईना, म्हणून शनिवारी तिनं चर्चमधलं एक पत्रक मैत्रिणीच्या बॅगेत सरकवलं, "वाच हं," म्हणाली आणि पळ काढला.

मंगळवारी ते पत्रक तिला दिसलं. चार घड्या घालून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलेलं.

तिनं सगळ्या सर्व्हिस नेटमध्ये मारल्या आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आली.

"उद्यापासून खेळ बंद," तिनं नवऱ्याला सांगितलं. "सहा वर्षं त्या बॉलमागे धावले. तेवढा वेळ देवाला दिला असता तर ही वेळ आली नसती."

नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. घरात मात्र जपून बोलायचा. "खेळ सोड असं तुला देवानं सांगितलं, की रागानं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

सुईमावशी दोन आठवडे हॉलकडे फिरकली नाही. संध्याकाळी सहा वाजले की ती उगाचच कपाटं आवरायची. नवऱ्याला त्याचे मोजे सापडेनासे झाले.

मग एका सकाळी लॅबमध्ये टोकन घेऊन, उपाशीपोटी, कंडक्टरबाई येऊन बसली. बाही वर सारून तिनं हात पुढे केला.

"घे रक्त. माझं डोकं खाऊन झालंय, आता हेच राहिलंय."

"साखर तपासायचीय?"

"चिठ्ठीवर लिहिलंय ना! तू येत का नाहीस ते आधी सांग."

सुईमावशीनं रबरी पट्टा जरा जास्तच आवळला. "मी दिलेला कागद तू पायाखाली घातलास."

"टेबलाच्या पायाखाली! अगं, मुंगीएवढी अक्षरं, चष्मा घरी. मला वाटलं कुठल्यातरी क्लासची जाहिरात." मग ती चमकली. "काय होतं त्यात?"

"माझ्या देवाबद्दल होतं."

कंडक्टरबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग तोंडानं का नाही सांगितलंस? हॉलमध्ये तर माझ्यावर ओरडतेस!"

सुईमावशीनं सुई काढली, कापूस दाबून धरला. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी ती म्हणाली, "माझी धाकटी लेक गेली ना, तेव्हा वर्षभर मला प्रार्थना करता आली नाही. चर्चमध्ये नुसती बसायचे. हे ऑर्गन वाजवायचे, मी भिंतीकडे बघायचे. देवावर रुसले होते मी. पण त्यानं मला टाकलं नाही गं. एका रविवारी बघते तर मी गात होते. कधी सुरू केलं, मलाच कळलं नाही. मला एवढंच येतं सांगायला."

रक्त कधीच थांबलं होतं. दोघींपैकी कुणीच हात काढला नाही.

"माझा नाही हं विश्वास," कंडक्टरबाई म्हणाली.

"माहितीये."

"तरी सांगत जा. आणि आज मंगळवार आहे."

त्या संध्याकाळी सुईमावशी हॉलवर गेली. तिथं कळलं की गेल्या महिन्यात दोघींनी जिची उपांत्य फेरी जिंकली होती, त्या डबल्स स्पर्धेचा अंतिम सामना रविवारी सकाळी नऊला आहे, म्हणजे ऐन उपासनेच्या वेळी. "मी येणार नाही," ती म्हणाली. कंडक्टरबाईनं आयोजकाला सगळा आवाज लावून सुनावलं. तो बधला नाही. सामना न खेळताच सोडावा लागला. कंडक्टरबाई पुढचे दोन दिवस फक्त "हं" आणि "नाही" एवढंच बोलली.

रविवारी उपासना संपवून सुईमावशी बाहेर आली, तर फाटकापाशी कंडक्टरबाई खेळाचे बूट घालून उभी.

"हॉल आता रिकामा असेल. चल, आपल्या आपण खेळू. आणि मी काही ऐकायला आत आले नव्हते हं. गुडघा दुखला म्हणून शेवटच्या बाकावर टेकले होते."

"बरं केलंस."

बसथांब्यापाशी आल्यावर ती हळूच म्हणाली, "ते शेवटचं गाणं होतं ना, ते कशाबद्दल होतं गं?"

सुईमावशी सांगू लागली. बस आली, थांबली, निघून गेली. सांगणं संपलं नव्हतं, म्हणून दोघी चालतच निघाल्या.