शून्य आलं, पण तार बघा

मी काळी वडी बोलतेय. तोंडात टाकू नका, दात पडेल. तांबं आणि आणखी दोन धातूंची भुकटी खलून, दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं ते पीएचडीच्या एका मुलीनं. चार वर्षं राबली बिचारी. शिष्यवृत्ती महिन्याभरात संपणार आणि हाती काही नाही.

आम्हाला म्हणे ‘उच्च तापमानाचे अतिवाहक’ म्हणतात. उच्च म्हणजे उणे एकशे ऐंशी अंश! हे नाव ठेवणाऱ्याला एकदा तिथं बसवायला हवं.

आता माझ्या पोटातली भानगड. वीज वाहणारे कण एकेकटे धक्के खात चालतात. सारखाच भार, म्हणून आपसात ढकलाढकली. पण गारठा वाढला की त्यांच्याच जोड्या जमतात, सगळ्या एका चालीत निघतात आणि विजेला अडथळा शून्य. अतिवाहक म्हणतात ते यालाच. जमवतं कोण? आमचे सर म्हणतात अणूंची थरथर, शेजारच्या खोलीतले सर म्हणतात चुंबकी ओढ. त्यावरून दोघांचा अकरा वर्षं अबोला. मला विचारू नका. कुणाचं कसं जमलं, हे घरच्यांना शेवटीच कळतं.

एके दुपारी मला तारा चिकटवून थंडीत उतरवलं. उणे शंभरालाच शून्य! आमच्या घराण्यात कुणाला न जमलेलं. सरांनी लगेच संचालकांना बोलावलं. मी आतून ओरडत होते, अगं, तार बघ! पण वडीचं ऐकतो कोण?

मुलीनं मला बाहेर काढलं. टेबलावर मी कोमट झाले, तरी शून्यच. सर आनंदानं खुर्चीत बसले. तिनं चिमट्यानं तार हलवली, ती हातातच आली.

“सर, वीज आत जातच नव्हती. अडेल कुठून?”

“अगं, संचालक जिना चढतायत.”

“चढू देत. चहा पाजू. पण हे शून्य मी लिहिणार नाही.”

तिनं तार पुन्हा चिकटवली. खरं शून्य आलं ते चारचौघींसारखं, उणे एकशे एक्याऐंशीला. मात्र त्याच्या बरंच आधी अडथळ्याचा आलेख किंचित खाली वाकला होता. ती म्हणाली, जोड्या आधीच जमत असतील, पावलं जुळायला वेळ लागत असेल. सर म्हणाले, नसेलही. त्या ‘नसेलही’वर संचालकांनी चहा संपवता संपवता तिला शिष्यवृत्तीचे सहा महिने वाढवून दिले.

आता मी काड्यापेटीत कापसावर पडून असते. दमट हवेत ठेवू नका, माझा भुगा होतो. आणि शून्य दिसलं की नाचण्याआधी तार हलवून बघत जा.

काल शेजारचे सर दारात उभे राहिले. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलले, “ती वडी जरा देता का?”

आमच्या सरांनी खुर्ची पुढे सरकवली.