ठकीचे साठ ग्रॅम

आमच्या कंपनीत ठकी नावाचं एक बाळ आहे. आत वाळू, बाहेर जुना टॉवेल, दोन्ही टोकांना सुतळी. वजन तीन किलो दोनशे ग्रॅम, ना एक ग्रॅम कमी ना एक जास्त. आम्ही तान्ह्या बाळांचे वजनकाटे बनवतो, आणि काट्यातलं सॉफ्टवेअर बदललं की आधी ठकीला त्यावर झोपवून बघतो. ठकी रडत नाही, भिजत नाही, आणि अठरा वर्षांत बिचारीचं वजन काही वाढलेलं नाही. तिला शिवलं काकूंनी.

काकू म्हणजे आमच्या तपासनीस. त्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. आधी त्या काट्यांच्या तळाला रबरी पाय चिकटवायच्या, तिथून तपासणीत आल्या. मी इथे बारा वर्षं कोड लिहितोय. साहेबांना मी फारसा घाबरत नाही, पण काकू मागे येऊन उभ्या राहिल्या की माझी बोटं आपोआप हळू चालतात. त्या मला ‘शहाण्या’ म्हणतात. सुरुवातीला मला ते कौतुक वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी एका दवाखान्यातून फोन आला. नर्सबाई तापल्या होत्या. “तुमचा काटा सकाळी खरं बोलतो आणि दुपारी खोटं,” त्या म्हणाल्या. महिन्यापूर्वी आम्ही काट्यांत नवं सॉफ्टवेअर घातलं, तेव्हापासून दुपारी बाळांची वजनं पन्नास-साठ ग्रॅमनी कमी भरत होती. एका बाळंतिणीला तर दोनदा सांगून झालं होतं की बाळ वाढत नाहीये, तुमचं दूध पुरत नसेल. ती बाई दोन दिवस रडत होती.

मी ऐकलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. “हा नवीचा प्रताप,” मी म्हणालो. साहेबांसमोर म्हणालो, आणि नवीसमोरही.

नवी म्हणजे आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली मुलगी. तिचे सहा महिने भरत आले होते, आणि तिला कायम करायचं की नाही हे साहेब त्याच दिवशी पाच वाजता सांगणार होते. काट्यावरचे आकडे दाखवणारा कोड तिने हल्लीच नव्याने लिहिला होता. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नवीने जागेवर जाऊन आपला कप धुतला, पुसला आणि पिशवीत ठेवला.

“पुरावा?” काकूंनी विचारलं.

“काकू, आकडे चुकलेत, आणि आकड्यांना हात लावला हिने. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“कांकण तर बघू दे आधी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी नर्सबाईंना परत फोन लावला.

मला वाटलं, त्या किती बाळं, किती ग्रॅम, असलं काही विचारतील. त्यांनी विचारलं, काटा ठेवता कुठे? खोली गार असते का? बाळाला उघडं करता तेव्हा ते कुडकुडत नाही का? “म्हणून तर काट्यावर दिवा लावतो,” नर्सबाई म्हणाल्या. “काटा आणि दिवा, दोन्ही सकाळी लावले की संध्याकाळीच बंद.” काकूंनी फोन ठेवला, न विचारता माझ्या टेबलावरचा दिवा उचलला, दुसरा साहेबांच्या खोलीतून आणला आणि दोन काट्यांवर लावले. एकात जुनं सॉफ्टवेअर, एकात नवं. अर्ध्या तासाने जुन्या काट्यावर ठकी भरली तीन हजार दोनशे ग्रॅम. नव्यावर तीन हजार एकशे चाळीस. बारा वर्षं मी बाळांचे काटे करतोय, पण काटा ज्या खोलीत ठेवतात तिथे गारठा असतो की ऊब, हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणजे चूक होती हे नक्की झालं. आता ती कधी शिरली ते शोधायचं होतं. जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरच्या मध्ये सात जणांनी केलेले सहाशे बारा बदल होते, एकाखाली एक, तारखेवार. मी सरळ नवीचा बदल उघडायला निघालो.

“थांब. निम्मे कर,” काकू म्हणाल्या. “मधलं सॉफ्टवेअर काट्यात घाल. ठकी बरोबर भरली तर चोर पुढच्या निम्म्यात, कमी भरली तर मागच्या. मग त्याचे निम्मे. दहा वेळा झोपवली की सापडतो. आणि शहाण्या, आधी नावं झाक.”

ही काकूंची जुनी पद्धत. त्यांच्या खणात जाड कागदाची एक पट्टी आहे, कडेला चिकटपट्टी लावून लावून काळी पडलेली. यादीत प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव येतं, तिथे स्क्रीनवर ती पट्टी लावायची. चोर सापडेपर्यंत काढायची नाही. “नाव दिसलं की माणूस काट्याकडे बघतच नाही,” त्या म्हणतात. आणि शोध चालू असताना काकू खोली सोडत नाहीत. डबासुद्धा काट्याशेजारीच उघडतात.

सव्वादहाला आम्ही सुरू केलं. मी मधलं सॉफ्टवेअर घालायचो, काकू दिवा लावायच्या, अर्धा तास थांबायच्या, आणि खऱ्या बाळाला ठेवावं तसं मानेखाली हात धरून ठकीला ठेवायच्या. मी एकदा हसलो. “आपटलीस तर आकडा हलतो,” त्या म्हणाल्या, आणि मग मला हसू आलं नाही. आकडा स्थिर झाला की फळ्यावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहायचं. एका काट्यावर वजन व्हायचं तोवर दुसरा पंख्यासमोर निवत असायचा. घाई नाही, अंदाज नाही, ‘मला वाटतं’ नाही. सहाशे बाराचे तीनशे सहा झाले, मग एकशे त्रेपन्न, मग सत्त्याहत्तर. मी असलं काम आयुष्यभर कपाळावर आठ्या घालून आणि इतरांवर ओरडून केलंय. ही बाई ते भाजी निवडावी तसं करत होती. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगतो.

आणि प्रत्येक वेळी आम्ही अलीकडच्या तारखांकडे सरकत होतो, नवीच्या बदलाकडे. मी मनातून खूश होतो. खोलीच्या काचेपलीकडे नवी पाठ ताठ करून बसली होती, पिशवी मांडीवर.

सातव्या खेपेनंतर पाच बदल उरले. मी यादी वाचली. चौथा होता, ‘आकडे मोठे दिसावेत’. तो नवीचा, पट्टी असली तरी मला ठाऊक होतं. दुसरा होता, ‘बॅटरी जास्त टिकावी म्हणून तापमान सुरू होताना एकदाच मोजावं’.

माझी पाचावर धारण बसली.

काटा तापला की वजन जरा कमी दाखवतो, म्हणून तो दर पाच मिनिटांनी स्वतःचं तापमान मोजून आकडा दुरुस्त करायचा. ते मोजणं कुणीतरी बंद केलं होतं. बॅटरी दुप्पट टिकली होती, आणि साहेबांनी सगळ्यांना उभं करून त्या कुणासाठी तरी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. टाळ्या मी ऐकल्या होत्या. माझ्यासाठीच होत्या.

आता तिसऱ्या बदलापर्यंतचं सॉफ्टवेअर तपासायचं होतं. चूक निघाली तर चोर पहिल्या तिघांत, बरोबर निघाली तर शेवटच्या दोघांत. म्हणजे मी किंवा नवी. दिव्याखाली अर्धा तास भरत आला आणि काकू उठल्या. “मी चहा आणते,” म्हणाल्या आणि गेल्या.

मी ठकीला काट्यावर ठेवलं. मानेखाली हात धरून. तीन हजार एकशे चाळीस.

खडू माझ्या हातात होता. खोलीत कुणी नव्हतं. फळ्यावर ‘बरोबर’ एवढंच लिहायचं होतं. पुढच्या खेपेला मी खरं ते लिहिलं असतं तरी बोट नवीकडेच गेलं असतं, पाच वाजता तिचा निकाल लागला असता, आणि माझ्या टाळ्या माझ्याकडे राहिल्या असत्या. मला हे सुचलं, ते लपवत नाही. सकाळी मी तिच्यावर जे खापर फोडलं होतं ते आता फक्त धरून ठेवायचं होतं. मी काचेपलीकडे पाहिलं. मग ठकीकडे पाहिलं. अठरा वर्षं त्या वाळूच्या पिशवीने कुणाची भीड धरली नव्हती. आणि ती बाळंतीण दोन दिवस रडली होती, माझ्यामुळे. मी ‘चूक’ लिहिलं. खडू मोडला इतक्या जोरात लिहिलं.

काकू बऱ्याच वेळाने आल्या, तीन कप घेऊन. एक काचेपलीकडे देऊन आल्या. काट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दुसरा घे.”

दुसरा चूक निघाला. पहिला बरोबर. सव्वाचार वाजले होते. काकूंनी साहेबांना आणि नवीला बोलावलं आणि मला म्हणाल्या, “काढ पट्टी.”

मी पट्टी काढली. माझं नाव वाचायला कुणाला वेळ लागला नाही.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “आणि सकाळी मी जे बोललो ती त्याहून मोठी. नवी, मला माफ कर. तुझ्या कामात काही खोट नाही, मी न बघता बोललो.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग नवीला म्हणाले, “पाचपर्यंत कशाला थांबायचं? ये, कागदावर सही करून टाकू.” जाताना तिने पिशवीतून कप काढला आणि टेबलावर ठेवला.

काकू पट्टीची कड साफ करत होत्या.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“पाच उरले तेव्हा. बॅटरीच्या टाळ्या मीपण वाजवल्या होत्या रे.”

“मग मला एकट्याला सोडून गेलात? मी खोटं लिहिलं असतं तर?”

“चहा आणायला गेले होते,” त्या म्हणाल्या आणि पट्टी खणात ठेवली. मग खण लोटत म्हणाल्या, “काट्याची परीक्षा रोजच घेते. कधीतरी काटा बनवणाऱ्याची नको?”

बंद केलेलं मोजणं एका ओळीत परत सुरू झालं. मग मी स्वतः दवाखान्यात फोन लावला आणि नर्सबाईंना सांगितलं की त्या आईला आजच कळवा, बाळ चांगलं वाढतंय, दूध पुरतंय, चूक काट्याची होती.

“काट्याची?” नर्सबाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “माझी. लिहून घ्या, नाव सांगतो.”