हरवल्यास लामदुआनकडे

“नाव बदललंस? म्हणजे काय बदललंस?” व्हर्ननच्या हातातला चिकट भाताचा गोळा तोंडापाशीच थांबला.

“तालुका कचेरीत जाऊन बदललं. हे बघ नवं ओळखपत्र. फोटोही या वेळी बरा आलाय.”

“दुआन, नऊ दिवसांवर मुलाखत आलीये!”

“म्हणून तर बदललं ना!” लामदुआन म्हणाली. खरं तर कायद्याने ती आता लामदुआन राहिलीच नव्हती. सकाळी अकरा वाजल्यापासून ती पिम्पिसा होती.

ही सगळी करामत तिच्या आईची. देवळातल्या वृद्ध भिक्षूंना आईने लेकीचा जन्मवार सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि निदान केलं, की गुरुवारी जन्मलेल्या बाईच्या नावात दोन अपशकुनी अक्षरं बसली आहेत, मग अमेरिकेचे कागद सतरा महिने अडतील नाही तर काय होईल? नवं नाव त्यांनीच काढून दिलं. थायलंडातल्या या उदोन थानी गावात यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पोर नापास झालं, धंदा बसला, नवरा पळाला, की माणसं नाव बदलून येतात. लामदुआनचं तर त्यावर पोट चालत होतं. जुन्या बाजारात शिलाई मशीन टाकून ती तीस वर्षं शाळेच्या सदऱ्यांवर मुलांची नावं भरत होती. नाव बदललं, की आया तेच सदरे घेऊन यायच्या. ती जुने टाके उसवून नवं नाव भरून द्यायची. जुन्या नावाची बारीक भोकं तेवढी कापडावर राहायची, पण ती जवळून पाहिल्याशिवाय दिसत नसत.

व्हर्नन आत गेला आणि फाइल घेऊन आला. ओहायोत चाळीस वर्षं नळदुरुस्ती केलेला हा माणूस, गळकं काही दिसलं की त्याला राहवत नसे. फाइलही त्याने तशीच पक्की बांधली होती. दोनशे बारा पानं, रंगीत चिठ्ठ्या, आणि पानापानावर लामदुआन. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“जावयाला काय झालं?” चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने विचारलं. “चटणी तिखट झाली का?”

एरवी व्हर्नन हसला असता. पण त्याच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. हे वर्ष सरायच्या आत शस्त्रक्रिया करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या देशात म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यावर ती जवळजवळ फुकटात झाली असती. “जा ना एकटा, मी मागून येते,” असं लामदुआनने वीसदा सांगून पाहिलं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं. “तू नाहीस तर मीही नाही. झडप गेली खड्ड्यात.” त्यामुळे व्हिसा तिचा असला, तरी जीव त्याचा टांगणीला लागला होता.

नऊ दिवस व्हर्ननने नव्या नावाची घोकंपट्टी केली. दात घासताना पिम्पिसा, मोटरसायकलला लाथ मारताना पिम्पिसा. शेजारच्या बायका कुंपणापलीकडून विचारायच्या, “काय हो, दुसरी केली की काय?”

बँकॉकच्या वकिलातीत काचेपलीकडे चष्मा लावलेली एक तरुण अमेरिकन अधिकारी होती आणि तिच्याशेजारी दुभाषाचं काम करणारी थाई कारकून बाई.

“अर्ज लामदुआनचा, लग्न लामदुआनचं, पोलिसांचा दाखला लामदुआनचा,” अधिकारी म्हणाली. “मग या पिम्पिसाबाई कोण?”

“मीच.”

“नाव का बदललंत?”

“व्हिसा मिळावा म्हणून.”

व्हर्ननने डोळे मिटून घेतले. अधिकारी बाईचं पेन थांबलं. तिच्या मुलखात ऐन वेळी नाव बदलणारी माणसं काहीतरी लपवत असतात. कारकून बाई हळूच तिच्याकडे झुकली. “मॅडम, माझंही हे तिसरं नाव. दुसऱ्यावर ही नोकरी लागली.”

अधिकारी काही हसली नाही. ती व्हर्ननकडे वळली. “तुमच्या पत्नीचं पूर्ण नाव सांगा.”

झालं. नऊ दिवसांची घोकंपट्टी वाफ होऊन उडाली. “दु... दुआन,” तो म्हणाला. पुढे काही सुचेना. आणि अडल्यावर तो जे नेहमी करायचा तेच त्याने केलं. काचेला पाठ केली, मान वाकवली आणि कॉलर उलटी करून दाखवली.

“हे काय आता?” अधिकारी उठून उभी राहिली.

कारकून बाईने काचेला नाक लावून वाचलं. “निळ्या दोऱ्याने भरलंय, मॅडम. ‘व्हर्नन. हरवल्यास लामदुआनकडे आणून द्यावा. शिलाई मशीन, जुना बाजार, उदोन.’ खाली फोन नंबर आहे.”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जत्रेत हरवला होता,” लामदुआनने ओशाळून खुलासा केला. “आठ तास! सापडला तेव्हा भलत्याच लग्नाच्या पंगतीत जेवत होता. तेव्हापासून भरते.”

“सगळ्या शर्टांवर?”

“अकराही. गंजिफ्रॉकवरसुद्धा.”

गंजिफ्रॉक दाखवायला व्हर्ननने वरचं बटण काढलं, तेव्हा मात्र अधिकारी दोन्ही हात हलवत “नको, नको!” म्हणाली आणि खळखळून हसली. मग तिने एक यादी पुढे सरकवली. नाव बदलल्याचा दाखला, नव्या नावाचा पासपोर्ट, पोलिसांचा नवा कागद. एवढं आणून द्या.

दीड महिन्याने व्हिसा आला. पिम्पिसाच्या नावाने. आईने देवळात केळी वाहिली आणि गल्लीभर सांगत सुटली, “बघा, अक्षरंच वाईट होती!” घरात मात्र ती लेकीला दुआनच म्हणत राहिली.

निघायच्या आदल्या दुपारी लामदुआन बाजारातलं मशीन भाचीच्या ताब्यात देऊन घरी आली. आता अकरा शर्ट उसवून नवं नाव भरायचं होतं. ओट्यावर आई आणि व्हर्नन डोक्याला डोकं लावून बसले होते. तिच्यासाठी घेतलेला थंडीचा जाड कोट त्याच्या मांडीवर होता, हातात सुई होती आणि दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. आई त्याला दोरा ओवून देत होती.

“तिकडे हरवशील ती तू,” तो म्हणाला. “मी नाही.”

तिने कॉलर उलटली. वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत भरलं होतं, ‘लामदुआन. हरवल्यास व्हर्ननकडे आणून द्यावी.’

“जुनंच नाव घातलंस होय रे!”

“मला हेच येतं.”

ती हसली. मग तिने खालची ओळ पाहिली. तिथे दोन नंबर होते. पहिला व्हर्ननचा. दुसरा आईच्या घरचा.

तिकडे पोचताच व्हर्ननची शस्त्रक्रिया व्हायची होती. ती त्याच्या शेजारी बसली, सुटलेल्या टोकाला तिने घट्ट गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला.