आठवणींवर काढलेले दिवस

त्रिवेणी नांदेडहून नारायणगुड्याला भावाकडे आली, ती परत न जाण्यासाठी. हे तिचं तिला ठाऊक होतं, घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं. सांगायचं कसं, एवढंच ठरायचं होतं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं तोंड उघडून पाहिलं. गिरीश बँकेतून येऊन बुटांच्या नाड्या सोडत होता.

"दादा, जरा बोलायचं होतं."

त्यानं मान वर केली, तिच्या हातातली बशी पाहिली आणि त्याचा चेहरा फुलला. "अगं, उस्मानिया बिस्किटं! बाबा शनिवारी आणायचे. पुड्याचा दोरा कुणी सोडायचा यावरून आपली मारामारी. आठवतंय?"

तिला आठवत होतं. ती हो म्हणाली आणि बिस्किटांवरून गोष्ट जी निघाली ती जेवणापर्यंत चालली. बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

तिची जुनी खोली आता खोली राहिली नव्हती. रस्त्याकडची भिंत फोडून तिथं एसटीडी बूथ झाला होता. काचेचा पिंजरा, लाल आकडे पळवणारं मीटर, बाहेर पिवळी पाटी. तो सांभाळायची भारतीवहिनी. त्रिवेणीची गादी बैठकीत पडायची आणि सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत गुंडाळावी लागायची. तिची डावी करंगळी वाकडी झालेली वहिनीनं पहिल्या दिवशीच पाहिली. दारात सापडली, असं त्रिवेणी म्हणाली. दार कुणी लोटलं, ते भारतीनं विचारलं नाही.

दोन-चार दिवसांत त्रिवेणीच्या एक गोष्ट ध्यानात आली. लहानपणाच्या गप्पा रंगल्या की 'किती दिवस राहणार' हा विषय निघत नव्हता. सत्तर-बहात्तरचं साल निघालं की गिरीशच्या कपाळावरच्या आठ्या उतरत. मग बँकेत आलेले संगणक, सक्तीच्या नाही पण सक्तीसारख्याच निवृत्तीची कुजबुज, लेक स्वातीच्या कॉलेजची देणगी, सगळं तो विसरे. तेव्हा त्रिवेणी दुष्काळात धान्य पुरवावं तशा आठवणी पुरवून वापरू लागली. एका संध्याकाळी एकच. उन्हाळ्यात पाणी मारून गार केलेली गच्ची. नुमाइशच्या, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाच्या गर्दीत हरवलेला गिरीश आणि लाउडस्पीकरवरून पुकारलेलं त्याचं नाव. अफझलगंजच्या ग्रंथालयाकडे जाताना डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी केलेली ढकलाढकली. गल्लीत एकट्या वकिलांकडे असलेला फोन आणि तो आला की "मुकुंदराव, तुमचा ट्रंककॉल" म्हणून बाबांना बोलवायला धावत येणारा त्यांचा गडी.

"आत्या, मग तुम्ही लोक टाइमपास कसा करत होता?" स्वातीनं विचारलं. ती पंधरा वर्षांची, हातात टीव्हीचा रिमोट. "टीव्हीच नव्हता, रेडिओ भी रात को बंद."

"भांडून," गिरीश म्हणाला. "तुझी आत्या चावायची."

भारतीसुद्धा हसली. त्या रात्री त्रिवेणीला झोप लागली.

पण आठवणी काही विहिरीचं पाणी नव्हेत, उपसलं की पुन्हा भरायला. दुसऱ्या आठवड्यात त्याच त्या गोष्टी फिरून येऊ लागल्या. गिरीश "हो, हे सांगितलंस की" म्हणू लागला. शनिवारी दुपारी भारती बूथमधून आत आली.

"ताई, प्रतापरावांचा फोन आलता. उद्या सकाळी येतो म्हणाले, न्यायला. आवाज कसा मऊ होता बघा. माणूस वाईट नाही."

नवऱ्याचा तो आवाज किती मऊ होतो आणि त्याच्यानंतर काय होतं, ते त्रिवेणीला माहीत होतं.

संध्याकाळी गिरीश बसल्यावर तिनं अशी एक आठवण काढली, जी कधी घडलीच नव्हती.

"दादा, मागच्या गल्लीत चतुराबाई राहायच्या बघ, दोन वर्षं भाड्यानं. त्यांची लेक वृषाली आठवते?"

चतुराबाई खऱ्या होत्या. त्यांना लेक नव्हती.

गिरीशनं पंख्याकडे बघितलं. त्रिवेणीनं धीर धरून पुढं रेटलं. "नवरा मारायचा म्हणून परत आली होती. चतुराबाईंची एकच खोली. मग बाबांनी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं. कर्फ्यूच्या दिवसांत."

"हो, हो," गिरीश हळूहळू म्हणाला. "तिचा नवरा आला होता ना दारात? बाबांनी कडीच काढली नाही. आतून म्हणाले, पोरगी इथंच राहील, तू जा."

हे तिनं सांगितलं नव्हतं.

"मी तिथंच होतो, बाबांच्या मागं," गिरीश म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "त्या रात्री कोण अशी दुसऱ्याची लेक ठेवून घेईल? बाबा ते बाबाच."

"मामंजी तसेच होते," भारती म्हणाली.

"मग दादा," त्रिवेणी म्हणाली, "मलाही ठेव."

स्वातीनं टीव्हीचा आवाज बंद केला. त्रिवेणीनं डावा हात पुढं धरला. "ही दारात सापडलेली नाही. त्यानं मुरगाळली. पुढच्या वेळी काय मुरगाळेल, मला ठाऊक नाही. बूथमध्ये मी बसेन. वहिनींना आराम होईल. बैठकीत नको असेल तर गच्चीवर झोपेन."

गिरीशनं करंगळीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "तो जमाना वेगळा होता, त्रिवेणी. माणसं वेगळी होती. आता माझ्याच नोकरीचं काय, ते मला माहीत नाही. उद्या स्वातीचं बघायचं. लोक विचारतील."

"असं काही झालंच नव्हतं, दादा. चतुराबाईंना लेकच नव्हती."

"मला आठवतंय ना," गिरीश चिडून म्हणाला.

रविवारी प्रतापराव आले. कोरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. स्वातीला नवं चॅनल कुठलं लागतं विचारलं, चहाला नावाजलं. त्रिवेणीला एवढंच म्हणाले, "आटपा. काचिगुडा स्टेशनला वेळेवर पोचलं पाहिजे." रिक्षा दाराशी उभी होती.

भारतीनं ताट आणलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. माहेरवाशिणीला रिकाम्या ओटीनं घालवू नये आणि तिनंही भरती ओटी नाकारू नये, ही या घरची रीत, सगळ्याच घरांची. भारतीनं हळदीकुंकू लावलं. ओंजळीत तांदूळ घेतले.

"ताई, पदर पसरा."

त्रिवेणीनं पदर मुठीत धरून ठेवला.

"ताई," भारती पुन्हा म्हणाली, आता खालच्या आवाजात. "असं करू नका. अपशकुन होतो."

"त्रिवेणी," गिरीश म्हणाला.

प्रतापराव खुर्चीतून उठले. भारती घाबरली आणि तिनं ओंजळ तशीच पुढं करून सोडली. तांदूळ पदरावरून घसरून फरशीवर सांडले, खुर्च्यांखाली, टीव्हीच्या स्टुलाखाली.

"आता हे!" प्रतापराव हसून म्हणाले. "राहू द्या, वहिनी झाडतील."

"ओटीचे तांदूळ झाडायचे नसतात," त्रिवेणी म्हणाली.

ती खाली बसली. ताट जवळ ओढून दाणे वेचू लागली, एका वेळी एक. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं खुर्चीखाली हात घातला, एक दाणा काढला, ताटात ठेवला आणि दुसऱ्याकडे वळली. गाडीला वेळ होत होता. गिरीश तिच्याकडे बघत उभा होता, आणि दाणे खूप होते.